त्र्याण्णव अधिक पाच

"यादी कुठाय, कुदळे सर?" घोडकेबाईंनी दारातूनच विचारलं.

मी संगणकाच्या पडद्याकडे बोट केलं. पडदा पांढराफटक होता. ना नाव, ना आकडा, ना चूक झाल्याचा एखादा निरोप.

"चालू नाही केला का?"

"चालू आहे. पान उघडतंय, पण पानावर काही येत नाहीये."

बाई आत येऊन माझ्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या आणि जरा वेळ त्या पांढऱ्या पानाकडं बघत राहिल्या. त्या आमच्या अंबाजोगाईच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. आधी शाळेत कवायत शिकवायच्या, त्यामुळं कुठलीही गोष्ट वेळेवर झाली नाही की त्यांना सहन होत नसे. "सोमवारी अकराला यादी लागणार म्हणून सांगून बसलेय मी सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "आज शनिवार आहे."

मी त्याच संस्थेच्या महाविद्यालयात संगणक शिकवत होतो. वसतिगृहाच्या प्रवेशाचं संकेतस्थळ सहा वर्षांपूर्वी मीच तयार केलेलं. दहावी झालेल्या मुली त्यावर अर्ज भरायच्या. अर्जांची मुदत संपली की मी एक बटण दाबायचो. आत लिहिलेली स्क्रिप्ट प्रत्येक मुलीच्या दहावीच्या टक्क्यांत अंतराचे गुण मिळवायची, म्हणजे गाव वीस किलोमीटरच्या पुढं असेल तर पाच, आणि बेरजेप्रमाणे नावं लावायची. पहिल्या साठ जणींना जागा. बाकीच्यांची नावं प्रतीक्षेत.

त्याआधी ही यादी संस्थेच्या कार्यालयात हातानं व्हायची आणि जून महिनाभर कुणाचे ना कुणाचे फोन येत राहायचे. माझी यादी सुरू झाली आणि फोन बंद झाले. कुणी तक्रार घेऊन आलंच तर माझं उत्तर ठरलेलं असायचं. यादी संगणक लावतो, त्यात कुणाचा हात नसतो. हे वाक्य बोलताना मला बरं वाटायचं, हेही सांगून टाकतो.

मी सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सांगितलं, "सर, काल आपल्या सर्व्हरवरचं पीएचपी नवं केलंय. पंधरा दिवसांपूर्वी मेल पाठवली होती."

पीएचपी म्हणजे ज्या भाषेत मी त्या सगळ्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या ती भाषा. मेल आली होती. मी ती उघडून अर्धवट वाचून सोडून दिली होती.

"मग जुनं परत लावता येईल का?"

"नाही सर, ते आता बंद झालंय. तुमच्या स्क्रिप्ट बऱ्याच जुन्या पद्धतीच्या असतील. त्या बदलाव्या लागतील."

शनिवारचा दिवस त्यातच गेला. अर्जांचा साठा उघडण्याची जुनी पद्धत नव्या पीएचपीतून काढूनच टाकली होती. ती शोधून शोधून बदलली. संध्याकाळी पान दिसायला लागलं. वरती संस्थेचं नाव आलं, खाली अर्ज एकामागून एक मोजले जाऊ लागले, आणि छत्तीस अर्जांनंतर सगळं थांबलं. अर्ज होते दोनशे चौदा.

रविवारी सकाळी बाई स्वतःहून आल्या. येताना थर्मासमध्ये चहा आणला होता.

"छत्तीस मुली नीट मोजल्या जातात," मी त्यांना सांगितलं. "सदतिसाव्या अर्जावर अडतंय."

"काय आहे त्या अर्जात?"

"तुम्हीच बघा."

बाईंनी चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तसं मोठ्यानं वाचलं, "शिवकन्या बाबासाहेब दराडे. गाव पांढरवाडी. अंतर चौतीस किलोमीटर. दहावीचे गुण त्र्याण्णव पूर्णांक वीस. हुशार आहे की पोरगी. यात अडण्यासारखं काय आहे?"

"तेच कळत नाहीये. संगणक म्हणतोय, या दोन गोष्टींची बेरीज करता येत नाही."

"कुठल्या दोन?"

"त्र्याण्णव अधिक पाच."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी थट्टा करतोय का, हे त्या बघत असाव्यात. "अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या.

"पूर्णांक वीस," मी म्हणालो.

मी एक खोटा अर्ज तयार केला. तेच नाव, तेच गाव, आणि बाईंनी सांगितला तसा आकडा टाकला. त्र्याण्णव पूर्णांक वीस. बटण दाबलं. बेरीज झाली. बिनबोभाट अठ्ठ्याण्णव पूर्णांक वीस.

"झालं की," बाई म्हणाल्या.

"हा मी भरलेला अर्ज आहे. तिचा पुन्हा बघू." तिच्या अर्जावर पुन्हा तोच निरोप.

दोन अर्ज, दोघांत तीच माहिती, एकाची बेरीज होते, दुसऱ्याची होत नाही. मला काही सुचेना. सगळ्या अर्जांची वेगळी प्रत काढून त्यातून मी शिवकन्याचा अर्ज वगळला. गाडी पुढं गेली आणि बावन्नाव्यावर थांबली. तो वगळला तर एकसष्टाव्यावर. असे अठरा अर्ज निघाले. मी ते कागदावर छापून घेतले आणि दोघं त्यांच्यावर वाकून बसलो.

"सगळ्या लांबच्या गावच्या आहेत," बाई म्हणाल्या.

"ही घाटनांदूरची आहे. ही इथलीच, गावातली."

"सगळ्यांनी मोबाइलवरून भरलेत?"

"ते कळायला मार्ग नाही. पण बाकीच्यांतल्या शंभर जणींनीही मोबाइलवरूनच भरले असणार."

नावात काही असेल म्हणून नावं पाहिली. आडनावं पाहिली. आकड्याच्या मागंपुढं एखादी रिकामी जागा राहिली असेल म्हणून ती काढून टाकणारी ओळ लिहिली. फरक पडला नाही. बाई पुन्हा पुन्हा गुण वाचत होत्या. एक्क्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी पूर्णांक साठ, चौऱ्याहत्तर. मी मान डोलवत होतो. त्यात चुकीचं काही ऐकू येत नव्हतं आणि काही दिसतही नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमाराला मी तो उपाय केला. बेरजेच्या आधी एक छोटा शब्द टाकला. त्याचा अर्थ असा, की समोर जे काही येईल ते आकडाच आहे असं धरून चाल. बटण दाबलं. एकही निरोप न येता दोनशे चौदाच्या दोनशे चौदा मुली मोजल्या गेल्या आणि यादी तयार झाली.

"काय होतं मग?" बाईंनी विचारलं.

"नवं पीएचपी जरा जास्त काटेकोर आहे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण काय होतं ते मला कळलं नव्हतं, आणि चालू लागलेली गोष्ट उकरायचं त्राण माझ्यात नव्हतं. बाईंनी पहिल्या साठ जणींची नावं तपासली, सगळ्या चांगल्या गुणांच्या होत्या. सोमवारी अकराला यादी लागली.

मंगळवारी सकाळी बाईंचा शिपाई मला बोलवायला आला. त्यांच्या कार्यालयात एक मुलगी आणि तिची आई बसली होती. मुलगी ताठ, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात कागद. आई खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेली.

"ही शिवकन्या दराडे," बाई म्हणाल्या.

हे नाव मी रविवारी इतक्या वेळा वाचलं होतं, की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"सर, लेकीला त्र्याण्णव टक्के पडलेत," आई म्हणाली. "आन नंबर दोनशे नववा लागलाय. आम्हाला काई समजंना. कुटं पैसे भरायचे राहिले का, सही राहिली, ते तरी सांगा."

"तसं काही राहिलेलं नाही, मावशी," मी म्हणालो. "यादी संगणक लावतो. त्यात कुणाचा हात नसतो."

आईनं मान डोलावली. तिला ते पटलं होतं. मुलीला पटलं नव्हतं.

"सर, माझ्या वर्गातल्या ऐश्वर्या खाडेला एकोणऐंशी आहेत," ती म्हणाली. "तिचा बेचाळिसावा नंबर लागलाय. आमचं गाव एकच आहे."

"असं होणार नाही."

"बघा की सर."

मी बाईंच्या टेबलावरचा संगणक तिच्याकडं वळवला. तिचा अर्ज उघडला. माझ्या यादीवर संशय घेतलेला मला आवडला नव्हता, म्हणून सोबतच ऐश्वर्याचाही उघडला. दोन्ही एकाखाली एक लावले.

"हे तुझे गुण. बरोबर आहेत?"

"हो."

"हे तिचे. दोन्ही संगणकाला दिसतायत. पाच गुण अंतराचे दोघींना सारखेच."

ती वाकून बघत होती. "तिचं इंग्रजीत दिसतंय," ती सहज म्हणाली. "तिचा फॉर्म नेट कॅफेत भरला होता. मी आईच्या मोबाइलवर भरला."

मी पडद्याकडं पाहिलं.

वर ९३.२० होतं. खाली 79.00 होतं.

सहा वर्षं मी ते अर्ज बघत आलो होतो. रविवारी अख्खा दिवस बघितले होते. माझे डोळे ९३ वाचायचे आणि त्र्याण्णव म्हणायचे, 93 वाचायचे तरी त्र्याण्णवच म्हणायचे. बाईंचंही तसंच. बालवाडीपासून दोन्ही आकडे शिकलेलो आम्ही, त्यातला कुठला समोर आहे हे आम्हाला दिसतच नव्हतं. खोटा अर्ज भरताना मी कीबोर्डवर इंग्रजी आकडे दाबले होते. संगणकाच्या लेखी ९३ हा आकडा नव्हता. तो एक शब्द होता, पांढरवाडी किंवा शिवकन्या यासारखा.

"काय झालं, सर?" बाईंनी विचारलं.

"तिचे गुण शून्य धरले गेलेत," मी म्हणालो. "शून्य अधिक पाच."

मग आईनं मुलीला हळूच विचारलं, "शून्य कामून?"

"मी मराठीत लिवले म्हणून," मुलगी म्हणाली.

बाईंनी त्या दोघींना चहा मागवला आणि आज जायचं नाही, जागा मिळणार आहे, असं त्यांच्या पद्धतीनं दरडावूनच सांगितलं. सूचनाफलकावरची यादी काढायला शिपायाला पाठवलं. मी प्रयोगशाळेत आलो. मराठी आकड्यांचे इंग्रजी करून घेणाऱ्या चार ओळी लिहायला मला दहा मिनिटं लागली. नव्या यादीत शिवकन्या सातवी आली. त्या अठरा जणींपैकी पाच जणी साठाच्या आत आल्या.

मग मी तसाच बसून राहिलो, कारण एक गोष्ट अजून डोक्यात बसत नव्हती. रविवारी नवं पीएचपी मला अठरा वेळा सांगत होतं, की हे मला मोजता येत नाही, थांब. मी त्याचं तोंड बंद केलं. पण जुनं? जुनं तर सहा वर्षांत एकदाही अडलं नव्हतं. की सहा वर्षांत एकाही मुलीनं मराठी आकडे लिहिलेच नव्हते?

मी मागच्या वर्षीचे अर्ज उघडले. तिसराच अर्ज, ८४.६०. त्याच्या आधीच्या वर्षी नऊ जणी. त्याच्या आधी चौदा. जुन्या पीएचपीला जे वाचता यायचं नाही ते ते शून्य धरायचं आणि काही न बोलता पुढं जायचं. सहा वर्षं. मी शनिवारपासून म्हणत होतो, की सर्व्हर बदलला आणि माझी स्क्रिप्ट बिघडली. ती पहिल्या दिवसापासून बिघडलेली होती. सर्व्हर बदलला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली होती.

बाई आल्या तेव्हा माझ्या टेबलावर कागद होता. त्यावर मागच्या वर्षांतली त्रेसष्ट नावं होती. त्यातल्या सत्तावीस नावांपुढं मी खूण केली होती.

"या सत्तावीस जणींना जागा मिळायला हवी होती," मी म्हणालो.

बाई बसल्या. त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली, या वेळी मनातल्या मनात. मधेच एका नावावर त्यांचं बोट थांबलं. "ही रडली होती माझ्यासमोर," त्या म्हणाल्या. "मी तिला म्हणाले, अभ्यास केला असतास तर नंबर लागला असता."

दुपारी आम्ही दोघं संस्थेचे सचिव नागरगोजे साहेब यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. यादी नव्यानं लावा, म्हणाले, आणि पहिल्या यादीतून खाली गेलेल्या पाच जणींनाही काढू नका, वाचनखोलीत पाच कॉट टाका.

"आणि मागच्या मुली?" मी विचारलं.

"त्यांचं काय?"

"त्यांना सांगायला हवं."

"सांगून काय करणार कुदळे? आता त्यांना अकरावीच्या वर्गात नेऊन बसवणार? ज्या लग्न होऊन गेल्या असतील त्यांना काय सांगणार? विसरलेल्या असतील त्या. आपण उगीच त्यांना आठवण करून द्यायची."

त्यांचं म्हणणं मला पटत होतं, हीच अडचण होती. आणि खरं सांगायचं तर मला थोडं हायसंही वाटलं होतं. जिना उतरताना मी बाईंना तसं म्हणालोही, की साहेबांचं बरोबर असेल.

"असेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही फोन करणार का मी करू?"

त्या आठवड्यात मी सत्तावीस नंबर फिरवले. बरेचसे बंद होते, काही दुसऱ्यांकडे गेलेले. अकरा जणी सापडल्या. दोघींनी ऐकून फोन ठेवला. एक हसली. एकीनं विचारलं, आता नोकरी देणार का संस्था. काय बोलावं ते मला दर वेळी समजायचं नाही आणि दर वेळी मी तेच बोलायचो, की अर्जाचं पान मी लिहिलं होतं, चूक माझी होती.

नववा फोन कावेरी गित्तेला लागला. पहिल्याच वर्षीची मुलगी. परभणीच्या एका दवाखान्यात नर्स होती. गावाजवळच्या महाविद्यालयातून रडतखडत बारावी करून तिथं पोचली होती. तिनं मला पूर्ण बोलू दिलं.

"मी आले होते तेव्हा तुमच्याकडं," मग ती म्हणाली. "वडिलांना, आप्पांना घेऊन. तुम्हाला आठवणार नाही."

"नाही आठवत."

"शेवटून दुसरा नंबर होता माझा. माझ्या खालची मुलगी नापास झालेली होती, तिनं गुण भरलेच नव्हते. तुम्ही आप्पांना म्हणालात, संगणक चुकत नसतो. आम्ही बाहेर आलो, रसवंतीवर बसलो, आणि आप्पांनी मला विचारलं, तुझी गुणपत्रिका खरी आहे ना गं."

मी कागदावर तिचं नाव शोधलं.

"दुसऱ्या दिवशी ते शाळेत जाऊन हेडमास्तरांना विचारून आले. हेडमास्तरांनी सांगितलं खरी आहे म्हणून. पण त्यांच्या मनातून ते गेलं नाही, सर. अजून नाही गेलं. नर्सिंगचा निकाल लागला तेव्हा पण त्यांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला."

"मी त्यांच्याशी बोलू का? नंबर द्या."

"फोनवर त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "गिरणी आहे आमची."

रविवारी मी आणि घोडकेबाई मोटरसायकलवर तिच्या गावी, चिंचखोरीला गेलो. पिठाची गिरणी रस्त्यालाच होती. आत पाच-सहा बाया डबे घेऊन रांगेत बसलेल्या. आप्पा भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. मी ओरडून सांगायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला आणि गिरणी बंद केली.

मी कोण ते सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. चौकटीजवळच्या फळीवर पिठाचा थर होता. त्यावर मी बोटानं लिहिलं, ८९. शेजारी लिहिलं, 89.

आप्पांनी वाकून पाहिलं. "दोन्ही एकोणनव्वदच की," ते म्हणाले.

"हो. कावेरीनं हा मराठी लिहिला होता. संगणकाला फक्त हा इंग्रजी वाचता येत होता. दुसरा त्याला शिकवायचं काम माझं होतं. मी शिकवलं नव्हतं. म्हणून त्यानं तिचे गुण शून्य धरले."

"म्हंजी तिचे मार्क खरे होते."

"खरे होते. चूक माझी होती. मी तेव्हा तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं होतं."

आप्पा त्या फळीकडं बघत राहिले. मला वाटलं ते आता बोलतील, शिवी देतील, देऊ देत.

"मंग तिचा नंबर कितवा व्हता?" आप्पांनी विचारलं.

मी खिशातला कागद काढला. "चौथा."

"किती?" त्यांनी कान पुढं केला.

"चौथा," मी मोठ्यानं सांगितलं. "दोनशेत चौथा."

त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं आणि रांगेतल्या पहिल्या म्हातारीकडं वळले. तिनं सगळं ऐकलं होतं. तरीही ते तिला म्हणाले, "आमची कावेरी चौथी आल्ती." मग दुसरीला सांगितलं. मग तिसरीला.